दुखतंय, तरी वाजवू का?

आज हातांबद्दल बोलू या. नोव्हेंबर लागला की मला एकाच छापाचे व्हॉइस नोट यायला लागतात. ‘दादा, अंगठ्याच्या बुडाशी कळ येतेय. पण नाताळ तोंडावर आलाय, थांबता येणार नाही. दुखतंय, तरी वाजवू का?’

वसईकरांना कारण सांगायला नको. नंदाखाल घ्या, गिरीज घ्या, पापडी घ्या, गायनवृंदांच्या प्रॅक्टिस वाढतात आणि त्यात लग्नांचा सीझन. वर्षभर आठवड्याला तीन तास वाजवणारा पोरगा एकदम रोज तीन तास वाजवायला लागतो. हात मात्र ऑक्टोबरचाच असतो.

मी गिटार शिकवतो, डॉक्टर नाही. पण एवढं सांगायला डॉक्टर लागत नाही: वाजवू नका. कळ आली की हात खाली. अडचण अशी की ‘थांब’ म्हटलं की पोरांना ‘सोड’ असं ऐकू येतं. म्हणून आधी दोन माणसांची गोष्ट सांगतो. त्यांच्या हाताला तुमच्या-माझ्यापेक्षा फार मोठं काहीतरी झालं होतं.

पहिला टोनी आयोमी, ब्लॅक सॅबथचा गिटारिस्ट. साल 1965, गाव बर्मिंगहॅम, वय 17. पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. बँडबरोबर बाहेर वाजवायला जायचं ठरलेलं, त्यामुळे नोकरीचा तो शेवटचा दिवस. त्या दिवशी प्रेस चालवणारं माणूस आलं नाही, म्हणून मशीनवर याला उभं केलं. दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा परत जायची त्याची इच्छाच नव्हती. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. आया सगळीकडे सारख्याच. गेला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं प्रेसमध्ये गेली. आयोमी डावखुरा आहे, म्हणजे त्याचा उजवा हात फ्रेटवर असतो. ज्या बोटांनी सूर दाबायचे, नेमकी तीच बोटं.

ही गोष्ट लांबची वाटत असेल तर वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे इकडे एक चक्कर मारा. गाळ्यागाळ्यांतून प्रेस चालतात आणि त्यावर तुमच्याच वयाची पोरं उभी असतात. त्यातली काही संध्याकाळी गिटारही वाजवतात. त्यांच्यासाठी पुढे एक महत्त्वाची गोष्ट सांगणार आहे.

तर आयोमी घरी बसला होता, संपलं सगळं म्हणत. तेव्हा कारखान्यातला फोरमन त्याच्यासाठी एक रेकॉर्ड घेऊन आला. म्हणाला, ऐक. आयोमीला ऐकायचंच नव्हतं. ऐकल्यावर फोरमनने सांगितलं, हा माणूस सोलो दोनच बोटांनी वाजवतो.

तो माणूस म्हणजे जँगो राइनहार्ट. 1928 साली, अठरा वर्षांचा असताना, तो राहत होता त्या गाडीघराला आग लागली. आत बायकोने विकायला केलेली सेल्युलॉइडची फुलं होती, ती भसकन पेटली. डावा हात भाजला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं आखडलं. पाय कापावा लागेल म्हणाले, त्याला त्याने नकार दिला. दीडएक वर्ष बरं होण्यात आणि नव्याने शिकण्यात गेलं. पहिल्या दोन बोटांनी तो सोलो वाजवायला लागला, आणि आखडलेली बोटं कॉर्डमध्ये वरच्या पट्टीच्या तारांवर जेवढी टेकतील तेवढी टेकवायची. 1934 मध्ये स्टेफान ग्रापेलीबरोबर पॅरिसमध्ये त्याचा जो बँड उभा राहिला, तो या हाताने.

आता आयोमीने काय केलं ते बघा. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांना बसतील अशा टोप्या केल्या, घासून गुळगुळीत केल्या, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबल्या जाईनात. हलके सेट तेव्हा मिळत नव्हते, म्हणून बँजोच्या तारा लावल्या. पुढे 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये गिटार तीन सेमीटोन खाली उतरवली, म्हणजे तारा अजून सैल. जो जड, खोल आवाज पुढे अख्ख्या हेवी मेटलने उचलला, त्यात या सैल तारांचा मोठा वाटा आहे.

दोघांपैकी कोणीही दुखऱ्या बोटावर जोर वाढवला नाही. गिटार बदलली, बोटं ठेवायची पद्धत बदलली. आपण नेमकं उलटं करतो. एफ कॉर्ड वाजत नाही? अजून दाब! अजून दाब!

तेव्हा हाताच्या आधी गिटार तपासा. आपल्याकडे समुद्राची हवा, त्यात चार महिने पाऊस. लाकूड ओल धरतं, गिटारची वरची फळी फुगते आणि तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली पट्टी लावून बघा. अंतर तीन मिलिमीटरच्या बरंच वर असेल तर प्रत्येक सुराला तुम्ही फुकटचा जास्तीचा जोर देताय. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, तो सॅडल घासून तारा खाली आणेल. सेट 12 चा असेल तर 10 चा लावा. आणि एक सोपी युक्ती: सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. पट्टी तीच राहते, दाबायला हलकं जातं. आवाज थोडा बारीक होतो, होऊ दे. मिस्साला आलेली माणसं तुमचा गेज मोजत नाहीत.

दुसरं, हाताचा दिवसभराचा हिशोब. सकाळी विरार लोकलमध्ये वरची कडी धरून तासभर, खांद्याला बॅग. परत येताना तेच. स्टेशनपासून घरापर्यंत बाइक, हायवेला ट्रॅफिक, आणि क्लच कुठल्या हाताला? डाव्या. रात्री पडल्या पडल्या अंगठ्याने रील्स. मग गिटार हातात घेता आणि म्हणता, ‘मी फक्त अर्धा तास वाजवलं, तरी दुखलं.’ अर्धा तास नव्हे हो, सकाळपासून तेच स्नायू राबताहेत. कडी हात बदलून धरा. पोचल्यावर लगेच वाजवायला बसू नका. वीस-पंचवीस मिनिटं वाजवलं की पाच मिनिटं गिटार खाली, आणि त्या पाच मिनिटांत फोनही खाली.

आता दुखणं ओळखायचं कसं? बोटांच्या टोकांची आग, घट्टे, हे चालायचंच. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला कळ, बाटलीचं झाकण उघडताना जास्त, हे बहुतेक वेळा अंगठ्याच्या स्नायुबंधाची सूज असते. डॉक्टर त्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. रात्री झोपेत अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दाबली जात असू शकते, ते कार्पल टनेल. करंगळीच्या बाजूला मुंग्या येत असतील तर कोपराकडे बघायला हवं. यातलं काहीही आठवडाभर टिकलं किंवा हातातून वस्तू पडायला लागल्या तर ऑर्थोपेडिककडे जा. बाम चोळत महिना काढू नका.

एक वेगळंच दुखणं आहे, ज्यात दुखतच नाही. बोटं फक्त ऐकेनाशी होतात, वाजवताना आपोआप आखडतात. फोकल डिस्टोनिया. लिऑन फ्लायशर हा अमेरिकन पियानिस्ट 1964 च्या सुमाराला, ऐन पस्तिशीत, उजवा हात गमावून बसला. आधी त्याने रियाज वाढवला, आणि ते वाढतच गेलं. मग कित्येक वर्षं तो डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिला, शिकवत राहिला, ऑर्केस्ट्रा चालवत राहिला. नव्वदच्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी दोन्ही हातांनी परत वाजवू लागला. असं काही जाणवलं तर न्यूरोलॉजिस्ट, आणि रियाज वाढवणं बंद.

आता क्रिकेट. रविवारी मॅच, कॅच घेताना बॉल बोटाच्या टोकावर बसतो आणि टोक खाली लोंबकळतं, स्वतःहून सरळ होत नाही. याला मॅलेट फिंगर म्हणतात. कोणाकडून बोट ओढून घेऊ नका. एक्स-रे काढा. बहुतेकदा नुसत्या स्प्लिंटने भागतं, पण तो सहा ते आठ आठवडे, चोवीस तास. अंघोळीच्या वेळी काढलात आणि टोक एकदा जरी वाकलं, तर मोजणी परत पहिल्या दिवसापासून. हे कोणी नीट सांगत नाही, मग पोरं पाचव्या आठवड्यात ‘जरा बघतो’ म्हणून काढतात.

आणि कापणं. कोयता, काच, मासे कापायची सुरी. रक्त थांबलं, टाके पडले, म्हणजे झालं असं समजू नका. बोटाचा प्रत्येक सांधा वाकतोय का, टोकाला दोन्ही बाजूंनी स्पर्श कळतोय का, हे विचारून घ्या. नसेल तर आत नस किंवा स्नायुबंध तुटलेला असू शकतो, आणि तो काही दिवसांत जोडावा लागतो.

प्रेसवर काम करणाऱ्यांसाठी म्हटलं होतं, ते हे. बोट तुटून पडलं तर तुकडा फेकू नका, थेट बर्फातही ठेवू नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. जखमेवर दाब देऊन हात वर धरायचा आणि प्लास्टिक सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठायचं. वाटेतच फोन करून विचारा, बोट जोडतात का. पगाराच्या स्लिपवर ईएसआय कापलेला दिसतो का तेही आजच बघून ठेवा. 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ती योजना लागू होते. कामावर दुखापत झाली तर उपचार मिळतात, आणि काम बंद असेपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम.

मधल्या काळात काय करायचं? डावा हात बंद असेल तर उजव्या हाताचे ताल पक्के करा, तारा मोकळ्या ठेवून. डॉक्टर हो म्हणाले तर गिटार मांडीवर आडवी घ्या, ओपन ट्यूनिंग लावा आणि स्लाइड वाजवा. बोटं दाबावीच लागत नाहीत. गायनवृंदात कोणाला तरी दुसऱ्या आवाजात गायला हवंच असतं. आणि परत सुरू करताना पहिल्या दिवशी पाच मिनिटं, खरंच पाच, गजर लावून.

व्हॉइस नोट पाठवताना कुठला हात, कुठली जागा, किती दिवस झाले आणि दिवसभर काय काम करता, एवढं सांगत जा. पुढच्या भागात एफ कॉर्ड, अंगठ्याला त्रास न देता. भेटू.