ट्रॉम्बोनवाल्याची बैठक

(मंडळाच्या श्रवणसभेतील भाषण)



कार्यक्रमपत्रिका पाहून दोघातिघांनी मला विचारलं, "अहो, गणपतीत जॅझ कशाला?" मी म्हटलं, गाणं ऐकताना जे कान तयार झाले, तेच इथेही पुरतात. आज ऐकायची आहे कर्टिस फुलर यांची 'ब्लूजेट' ही रेकॉर्ड.

ट्रॉम्बोन म्हणजे नळी पुढे-मागे सरकवत फुंकायचं लांब पितळी वाद्य. त्याला पडदे नाहीत. नळीच्या सात जागा मानलेल्या आहेत, पण तिथे खूण नसते. सूर कानानेच पकडायचा. त्यामुळे मींड सहज निघते, पण जलद लयीत एकेक सूर सुटा आणि स्वच्छ काढणं फार कठीण. जे. जे. जॉन्सन यांनी ते साधून दाखवलं आणि पुढच्या पिढीला वाट मिळाली. फुलर त्याच वाटेवरचे.

ते डेट्रॉइटचे. आईवडील लहानपणीच गेले, अनाथाश्रमात वाढले. १९५७ साली जॉन कोल्ट्रेन यांच्या 'ब्लू ट्रेन'मध्ये त्यांनी वाजवलं. 'ब्लूजेट'चं ध्वनिमुद्रण मे १९५९ मधलं, रुडी व्हॅन गेल्डर यांच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत. सोबत बेनी गोल्सन सॅक्सोफोनवर, टॉमी फ्लॅनगन पियानोवर, जिमी गॅरिसन बेसवर आणि अल हेअरवुड ड्रम्सवर. पाच माणसं, सहा रचना.

पहिलीच रचना गोल्सन यांची, 'फाइव्ह स्पॉट आफ्टर डार्क'. बारा मापांचं आवर्तन, प्रत्येक मापात चार मात्रा. ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन मिळून मुखडा मांडतात, मग एकेक जण त्याच आवर्तनावर आपला विस्तार करतो. आपण समेची वाट पाहतो ना, तशी आवर्तनाच्या सुरुवातीची पाहा. बेस एकेक मात्रा चालत राहतो. झांजेवरचे ठोके मात्र सारख्या अंतरावर पडत नाहीत. एक लांब, एक आखूड. त्यातून जो झोका तयार होतो, त्यालाच स्विंग म्हणतात. पाय आपोआप हलू लागतो.

रेकॉर्डवर नाव फुलर यांचं आहे, पण ते कुणालाही झाकत नाहीत. गोल्सनना पुरती जागा, फ्लॅनगनना पुरती जागा. आपली पाळी आली की मोजकं, गोल आवाजात बोलतात आणि बाजूला होतात.

आता थोडं स्वतःबद्दल. मी चाळीस वर्षं तबला वाजवला. या मंडपातही साथ केली. तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताने साथ सोडली. त्यानंतर दुसऱ्याचं वाजवणं ऐकणं मला सहन होईना. मैफलीला जाणंच बंद केलं. मुलाने ही रेकॉर्ड लावली तेव्हा मी प्रथम हेअरवुडचाच हात ऐकला आणि कितीतरी दिवसांनी मांडीवर ठेका धरला, डाव्या हाताने.

पुढे फुलर यांना कर्करोग झाला, फुप्फुसाची मोठी शस्त्रक्रिया झाली. फुंकून वाजवणाऱ्याचं फुप्फुस! तरी ते पुन्हा वाजवायला उभे राहिले, नवीन रेकॉर्डही केल्या. २०२१ साली ते गेले. माझा हात परत येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं आहे. पण ऐकणं माझं कुणी काढून घेतलेलं नव्हतं. ते मीच सोडलं होतं.

म्हणून यंदापासून पुन्हा पहिल्या रांगेत बसणार आहे. आता रेकॉर्ड लावू या. पहिली दोन आवर्तनं फक्त बेसकडे लक्ष ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!