गुरगुरण्याच्या आधी

'कुत्रा अचानक चावला' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. दवाखान्याच्या बाकावर, चाळीच्या जिन्यात, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : 'इतका गरीब कुत्रा हो, कधी कुणाच्या वाटेला जात नव्हता!' या बोलण्यातला 'अचानक' हा शब्द आज मला तुमच्यासोबत तपासून पाहायचा आहे. शब्द तपासणं हा कविता लिहिणाऱ्या माणसाचा रोजचाच उद्योग. पिसाळलेल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. एरवी मात्र हा शब्द बहुतेक वेळा खरा नसतो. चावण्याआधी कुत्रा पुष्कळ काही बोललेला असतो. फक्त ते तोंडानं बोललेलं नसतं.

आमच्या घरात कुत्रा पाळायची रीत नव्हती. रात्रीची उरलेली भाकरी त्याला मिळायची, पण त्याची हद्द पायरीपर्यंत. त्यामुळे कुत्र्यांशी माझी ओळख लांबून पाहण्याची. पण लांबून पाहणाऱ्याचा एक फायदा असतो. कुरवाळायला हात पुढे जात नाही, तेव्हा डोळे जास्त काम करतात.

तर एक चित्र डोळ्यांसमोर आणा. घरी पाहुणे आलेत. त्यांचा चार वर्षांचा मुलगा घरातल्या कुत्र्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून बसलाय. सगळे म्हणतात, 'किती गोड!' आणि मोबाइल काढून फोटो घेतात. आता मुलाकडे न बघता त्या फोटोतल्या कुत्र्याकडे बघा. त्यानं तोंड मुलापासून दुसरीकडे वळवलंय. जबडा घट्ट मिटलाय. कान मागे चिकटलेत. जिभेचं टोक नाकावरून फिरून गेलंय. मान एकीकडे आणि नजर दुसरीकडे, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतोय. त्या गोड फोटोतला एक जण म्हणतोय, 'मला सोडवा.' आणि ते कुणी वाचत नाही. गळामिठी ही माणसांची रीत आहे. कुत्र्याला ती प्रेमाची वाटेलच असं नाही. कुणी तरी आपल्याला जखडून ठेवलंय, एवढंच पुष्कळ कुत्र्यांना कळतं.

कुत्र्याच्या मनावरचा ताण ओळखायची एक सोपी किल्ली आहे. नेहमीची कृती चुकीच्या वेळी दिसली की थांबून बघायचं. झोपून उठलेला कुत्रा जांभई देतो, त्यात काही विशेष नाही. पण माणसांनी वेढलेला, झोपेचं नाव नसलेला कुत्रा एकामागून एक जांभया देतो, तेव्हा तो अवघडलेला असतो. जेवण झाल्यावर ओठ चाटणं वेगळं आणि समोर अन्नाचा कण नसताना नाक चाटणं वेगळं. भिजलेला कुत्रा अंग झटकतो. कोरडा कुत्रा, कुणी अंगावर वाकून थोपटून गेल्यावर, झटकतो तेव्हा तो पाणी नव्हे, तो प्रसंग झटकत असतो. उन्हात धापा टाकणं साहजिकच. थंड हवेत, बसल्या जागी धापा सुरू झाल्या, तर कारण शोधायला हवं. ते भीतीही असू शकेल, दुखणंही. एकदम जमीन हुंगायला लागणं, मध्येच अंग खाजवणं, पुढचा एक पाय अधांतरी उचलून धरणं, याही अशाच खुणा. मात्र एका खुणेवरून निकाल देऊ नये. कान, डोळे, तोंड, शेपूट, अंगाचा ताठरपणा आणि भोवतालचा प्रसंग हे सारं एकत्र वाचायचं.

नॉर्वेच्या तुरीद रुगोस या प्रशिक्षक बाईंनी अशा तीसएक खुणा नोंदवल्या आणि त्यांना 'शांतवणाऱ्या खुणा' असं नाव दिलं. समोरच्याला आणि स्वतःलाही शांत करण्यासाठी कुत्रे त्या वापरतात, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक खुणेच्या अर्थाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, पण या बारीकसारीक हालचालींकडे पाहायची सवय त्यांनी पुष्कळांना लावली. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी हीच गोष्ट शिडीच्या रूपात मांडली. शिडीच्या तळाशी जांभई, डोळ्यांची उघडझाप, नाक चाटणं. मग तोंड फिरवणं. मग अंग फिरवणं. मग उठून दूर जाणं. त्यानंही भागलं नाही, तर कान पाडून, शेपूट पोटाशी घेऊन दबून राहणं. त्याच्या वर अंग ताठरणं आणि रोखून पाहणं. मग गुरगुरणं, मग हवेत दात वाजवणं आणि अगदी शेवटच्या पायरीवर चावा. आपल्याला ऐकू येतात त्या वरच्या दोन-तीन पायऱ्या. खालच्या पायऱ्यांवर कुत्रा सांगत असतो, तेव्हा आपण फोटो काढत असतो.

आता एक घातक सवय सांगतो. कुत्रा गुरगुरला की आपण त्याला फटका देतो. त्याला वाईट वळण लागू नये, हा हेतू. पण गुरगुरणं म्हणजे धोक्याची घंटा. घंटा वाजली म्हणून घंटाच काढून टाकली, तर आग विझते का? मार खाल्लेला कुत्रा न गुरगुरायला शिकतो. त्याची भीती मात्र तशीच राहते. पुढच्या वेळी तो मधल्या पायऱ्या गाळून थेट वरच्या पायरीवर जाऊ शकतो आणि मग आपण म्हणतो, 'अचानक चावला.'

आपले आणखी दोन समज तपासून घेण्यासारखे आहेत. पहिला, शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं, की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. हा फरक नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही. पण एवढं नक्की, की हलणारी शेपूट म्हणजे मनातली खळबळ. ती आनंदाचीच असेल असं नाही. कंबरेसकट सैल डुलणारी शेपूट आणि ताठ उभी राहून टोकाशी थरथरणारी शेपूट यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरा समज, चपला कुरतडलेला कुत्रा मान खाली घालतो म्हणजे त्याला अपराध कळला. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली केलेल्या प्रयोगात दिसलं, की तो 'अपराधी' चेहरा कुत्र्यानं काही केलंय की नाही यावर अवलंबून नसतो. मालक रागावला की तो दिसतो. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप समजतो, ते बहुधा आपल्या रागापुढचं दबणं असतं.

दिवाळीत रस्त्यावर बघा. पहिल्या सुतळी बॉम्बबरोबर गल्लीतले कुत्रे मोटारींखाली शिरतात. माणसाच्या मानानं त्यांना कितीतरी सूक्ष्म आणि उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. घरातला कुत्रा पलंगाखाली थरथरत असतो, अन्नाला तोंड लावत नाही. अशा वेळी त्याला ओढून बाहेर काढू नये. त्यानं जागा निवडलेली असते, ती त्याला राहू द्यावी. खिडक्या लावाव्यात. तो जवळ आला तर त्याला जवळ घ्यावं. जवळ घेतल्यानं भित्रेपणा वाढतो, हा समज आता मागे पडला आहे.

या साऱ्याचं मोल केवढं आहे, हेही सांगायला हवं. पिसाळलेल्या असल्याचा संशय असलेली जनावरं ज्यांना चावतात, त्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून मुलांना शाळेतल्या पाढ्यांसारखे काही नियम पाठ करवावेत. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. हात अंगाशी घेऊन, नजर खाली ठेवून, झाडासारखं उभं राहायचं. ओळखीच्या कुत्र्याला कुरवाळतानाही दोन-तीन सेकंदांनी हात काढून घ्यायचा. तो अंग लावायला आला तर त्याची हरकत नाही. तोंड फिरवलं किंवा जागेवरच थिजला, तर ते 'नको' आहे. आणि चावलाच, किंवा नखांनी ओरखडलं, तर हळद-मिरची न भरता जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते.

जाता जाता, हदीसमध्ये आलेली एक गोष्ट. एक वाटसरू तहानेनं व्याकूळ होऊन विहिरीत उतरला, पाणी प्यायला. वर येतो तर एक कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतोय, ओली माती चाटतोय. त्याच्या मनात आलं, की मघाशी माझी जी गत होती तीच याची आहे. तो पुन्हा विहिरीत उतरला, पायातल्या मोज्यात पाणी भरलं, तो दातांत धरून वर आला आणि कुत्र्याला पाजलं. अल्लाहनं त्याला क्षमा केली. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आमचं सगळं लक्ष त्या मोज्यातल्या पाण्यावर असायचं. आता वाटतं, पाण्याच्या आधी आणखी एक गोष्ट घडली होती. त्या माणसानं कुत्र्याकडे पाहिलं आणि त्याला त्याची तहान वाचता आली. कुत्रा तर एक शब्दही बोलला नव्हता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)