ऑक्सफर्डच्या वेशीपर्यंत



तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी अशा आपल्या रायपूरच्या जुन्या-नव्या वस्त्यांतून राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुले-मुली शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडात स्थिरावू लागली आहेत, आणि त्यांच्यामागून, येथील उन्हाळा असह्य होऊ लागला की, त्यांचे आईवडीलही महिना-दोन महिन्यांसाठी तिकडे जाऊ लागले आहेत. व्हिसाचे कागद, लोकरीचे कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि नातवंडांसाठी भाजणी यांची तजवीज ही मंडळी फार आधीपासून करतात. परंतु तेथे गेल्यावर एखादे शहर पाहावयाचे झाले तर मोटार भाड्याने घ्यावी काय, घेतल्यास कोणत्या अटींवर घ्यावी, आणि मुख्य म्हणजे तिने आपल्याला कोठवर न्यावे, हा विचार विमान उतरेपर्यंत बहुधा कोणी करीत नाही. आज मी हा विषय ऑक्सफर्ड या एका शहराच्या आधाराने मांडणार आहे. कारण भाड्याची मोटार आणि ते शहर यांचा संबंध जुना आहे आणि त्याचा एक धागा थेट आपल्या रायपूरपर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम मॉरिस नावाचा, विद्यापीठाचे शिक्षण नसलेला परंतु हाताचा विलक्षण कुशल असा एक तरुण ऑक्सफर्डमध्ये सायकली बनवीत आणि दुरुस्त करीत असे. लाँगवॉल स्ट्रीट या, एका बाजूस महाविद्यालयाची उंच भिंत असलेल्या रस्त्यावर त्याने आपले गॅरेज थाटले, आणि तेथे तो मोटारी दुरुस्त करी, विकी, टॅक्सी चालवी आणि मोटारी भाड्यानेही देई. १९१३ साली त्याने स्वतःची पहिली मोटार तयार केली, तिला शहराचेच नाव दिले, आणि लवकरच शहरालगतच्या काउली येथे त्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला. पुढे लॉर्ड नफील्ड या पदवीने विख्यात झालेल्या या माणसाने १९३७ साली ऑक्सफर्डच्याच विद्यापीठाला एक संपूर्ण महाविद्यालय स्थापण्यासाठी देणगी दिली. त्याच्या कंपनीच्या मॉरिस ऑक्सफर्ड मोटारीच्या तिसऱ्या मालिकेवरूनच कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने आपली अँबॅसडर घडविली. १९५७ च्या सुमारास रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ साली जिचे उत्पादन थांबले त्या अँबॅसडरमधून, मागे तीन आणि पुढे दोन माणसे व मांडीवर मुले अशा थाटात, आपल्यापैकी किती कुटुंबांनी राजीमचा संगम आणि सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर पाहिले असेल याची गणती नाही. लाँगवॉल स्ट्रीटवरील ती इमारत आजही उभी आहे, आणि रायपूरच्या प्रवाशाने तिच्यासमोर क्षणभर थांबावे असे मला मनापासून वाटते.

परंतु आपली भाड्याची मोटार आणि इंग्लंडातील भाड्याची मोटार या दोहोंत एक मूलभूत अंतर आहे, आणि ते ध्यानात न घेतल्याने पुष्कळांची तारांबळ उडते. आपण येथे सिरपूरला जाण्यासाठी गाडी करतो तेव्हा गाडीबरोबर एक माणूसही येतो. रस्ता त्याला पाठ असतो, चाक पंक्चर झाले तर तो उतरतो, नाक्यावरचा पैसा तो भरतो, आपण मंदिरात असताना गाडी सावलीत लावून तो तिची राखण करतो, आणि कोठे ओरखडा उठला तर मालकाशी बोलणे तोच करतो. इंग्लंडात तुमच्या हाती पडते ती केवळ किल्ली. त्या माणसाची सर्व कर्तव्ये, आणि त्यांच्यासोबतची सर्व कायदेशीर जबाबदारी, करारनाम्यावर सही करताच तुमच्याकडे येते. म्हणून त्या करारनाम्याविषयी मी थोडे विस्ताराने बोलतो.

प्रवासी म्हणून आलेल्या माणसाला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर तेथे १२ महिन्यांपर्यंत मोटार चालविण्याची कायद्याने मुभा आहे. तथापि भाड्याने मोटार देणाऱ्या कंपन्यांचे नियम कायद्याहून कडक असू शकतात. परवाना किमान किती वर्षांचा हवा, चालकाचे वय किमान आणि कमाल किती असावे, आंतरराष्ट्रीय परवाना सोबत हवा की नको, या गोष्टी प्रत्येक कंपनी आपापल्या परीने मुक्रर करते. तेव्हा निघण्यापूर्वी लेखी विचारणा करावी आणि रायपूरच्याच परिवहन कार्यालयातून तो वर्षभर चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा, हे उत्तम. अनामत रक्कम बहुधा क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, आणि ते कार्ड मोटार चालविणाऱ्याच्याच नावाचे असावे लागते. मुलाचे कार्ड आणि वडिलांचा परवाना अशी जोडी कित्येक ठिकाणी चालत नाही. जो प्रत्यक्ष चालविणार त्या प्रत्येकाचे नाव करारात नोंदविलेले असलेच पाहिजे. कारण नाव नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर विम्याचे संरक्षण उरत नाही.

विम्याचा भाग सर्वांत गहन आहे. परक्याचे नुकसान भरून देणारा विमा तेथे सक्तीचा असल्याने तो भाड्यात समाविष्ट असतो. खुद्द भाड्याच्या मोटारीला धक्का लागला तर मात्र त्या खर्चाचा ठराविक पहिला हिस्सा भाडेकरूच्या माथी येतो, आणि हा हिस्सा कित्येकदा हजार पौंडांच्याही वर असतो. तो माफ करून घेण्यासाठी काउंटरवर आणखी पैसे मागतात. तोच विमा स्वतंत्रपणे, आधीच काढला तर पुष्कळ स्वस्त पडतो, म्हणून थकलेल्या अवस्थेत, मागे रांग ताटकळत असताना, हा निर्णय घेण्याची पाळी स्वतःवर येऊ देऊ नये. मोटार ताब्यात घेताना चारही बाजूंची, चाकांची आणि काचांची छायाचित्रे काढावी, जुना प्रत्येक ओरखडा कागदावर नोंदवून घ्यावा, आणि इंधनाची टाकी भरलेली मिळाली असेल तर भरूनच परत द्यावी. पंपावर इंधन स्वतःच भरावयाचे असते. हिरवी नळी पेट्रोलची आणि काळी डिझेलची, हे पक्के लक्षात ठेवावे. गिअर स्वतः न बदलावा लागणारी मोटार हवी असल्यास तशी मागणी आधीच नोंदवावी.

रस्त्याची डावी बाजू आपलीच आहे, ही मोठी सोय. परंतु अंतरे व वेग मैलांत आहेत, आणि वस्तीत सामान्यतः ३०, ऑक्सफर्डच्या पुष्कळ रस्त्यांवर २०, दुहेरी वाहतुकीच्या मोकळ्या रस्त्यावर ६० व मोटरवेवर ७० मैल अशा मर्यादा कॅमेरे काटेकोरपणे पाहतात. दंडाची नोटीस प्रथम मोटारीच्या मालकाकडे, म्हणजे कंपनीकडे जाते, कंपनी तुमचे नाव कळविते आणि त्या कामाची फी वेगळी आकारते. चौकातील वर्तुळाशी उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. आपल्या जयस्तंभ चौकात जो आधी नाक घालील त्याचा रस्ता, हा प्रघात तेथे सर्वथा सोडावा लागतो, आणि मला वाटते अनुभवी भारतीय चालकालाही खरा सराव याच एका गोष्टीचा करावा लागतो.

रायपूरहून दिल्ली किंवा मुंबई गाठून, रात्र अर्धवट जागून हीथ्रोला उतरलेल्या माणसाने त्याच क्षणी मोटार हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विमानतळावरून ऑक्सफर्डला थेट बसगाड्या जातात. त्यांतून जावे, झोप घ्यावी, आणि मोटार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑक्सफर्डमधूनच घ्यावी.

आणि घेतल्यावरही ती शहराच्या मध्यभागी नेऊ नये. ज्या शहराने इंग्लंडला मोटारी दिल्या त्याच शहराने मोटारींना आपल्या अंतर्भागापासून दूर ठेवण्याचे काम निष्ठेने चालविले आहे. दक्षिणेच्या वेशीवर रेडब्रिज येथे मोटार उभी करून बसने आत जाण्याची व्यवस्था तेथे १९७३ सालीच सुरू झाली, आणि आज अशी पाच स्थळे शहराभोवती आहेत. हाय स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर सकाळी साडेसातपासून सायंकाळी साडेसहापर्यंत खाजगी मोटारींना मज्जाव आहे. मध्यवर्ती काही गल्ल्यांत २८ फेब्रुवारी २०२२ पासून धूर सोडणाऱ्या वाहनांवर कर आहे, आणि २९ ऑक्टोबर २०२५ पासून सहा ठिकाणी परवाना नसलेल्या मोटारींना दिवसाला ५ पौंड भरावे लागू लागले आहेत. हे नियम पाहुण्याला जाचक वाटतील. मला ते अत्यंत योग्य वाटतात. आपल्या सदर बाजारातून किंवा गोल बाजारातून वृद्ध माणसाला सुखाने चालता यावे, असे ज्याला वाटते त्याने ऑक्सफर्डचे हे धोरण अभ्यासावे.

शहर पायीच पाहावे, आणि आपल्या माणसांच्या खुणा शोधीत पाहावे. ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला पूर्वीच्या इंडियन इन्स्टिट्यूटची इमारत आहे. कोशकार मोनियर विल्यम्स यांच्या प्रयत्नाने ती उभी राहिली, १८८३ साली तिची कोनशिला बसविली गेली, आणि तिच्या माथ्यावरील वातदर्शकावर हत्ती आहे. वुडस्टॉक रोडवरील समरव्हिल या महाविद्यालयात नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली दाखल झाल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, आणि स्त्रियांना पदवी देण्यास विद्यापीठ तयार झाल्यानंतर, म्हणजे तब्बल ३० वर्षांनी, त्यांना ती पदवी मिळाली.

मग मोटार कशासाठी, असे कोणी विचारील. ती आहे वाँटेजसाठी. ऑक्सफर्डपासून सुमारे १५ मैलांवरच्या या लहानशा गावाला रेल्वे स्थानक उरलेले नाही, आणि त्यामुळे मराठी प्रवासी सहसा तिकडे फिरकत नाही. पण आपल्या इतिहासाच्या दृष्टीने मला ते ऑक्सफर्डइतकेच मोलाचे वाटते. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काम करणाऱ्या जोगिणींचा मूळ मठ या गावी होता, आणि त्यांच्याच ओळखीने १८८३ साली पंडिता रमाबाई, पतिनिधनानंतर, लहानग्या मनोरमेला घेऊन येथे आल्या. आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासाचा खर्च उभा केला होता. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला येथील चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या वार्तेने महाराष्ट्रात जो क्षोभ उसळला तो सर्वश्रुत आहे. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवीत त्या स्वतः शिकल्या, आणि १८८६ साली, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी, अमेरिकेला गेल्या. मतभेद कितीही असोत, एका मराठी विधवेने मूल कडेवर घेऊन केलेल्या त्या प्रवासातील पहिल्या मुक्कामाचे गाव पाहणे हे आपले कर्तव्य आहे, असे मी मानतो.

वाँटेजला सकाळीच निघावे. बाजारचौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आहे, चर्च तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मोटार उभी करण्याचे पैसे यंत्रात भरून मुदत संपण्याची वेळ पाहून ठेवावी, आणि भाड्याच्या कार्यालयाची बंद होण्याची वेळ, विशेषतः शनिवार-रविवारची, किल्ली घेतानाच विचारून घ्यावी. कारण काही कार्यालये शनिवारी दुपारीच बंद होतात आणि मग मोटार सोमवारपर्यंत, भाड्यासकट, तुमच्याकडेच राहते.