महाविद्यालयीन आवारातील अत्याचार : किंमत कोण मोजते?



महाविद्यालयाच्या आवारात एखाद्या विद्यार्थिनीवर अत्याचार झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले की दोन मागण्या ताबडतोब पुढे येतात. गुन्हेगाराला कठोरात कठोर शिक्षा करा, ही पहिली. आणि मुलींच्या वसतिगृहाचे दरवाजे आणखी लवकर बंद करा, ही दुसरी. पहिल्या मागणीमागील संतापाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु शिक्षा होते ती न्यायालयात आणि बहुधा अनेक वर्षांनी. दरवाजा बंद होतो तो मात्र त्याच रात्री, आणि तोही ज्यांनी कसलाच गुन्हा केलेला नाही अशा मुलींवर. जिच्यावर अत्याचार झाला, तिचे त्या रात्री काय होते, दुसऱ्या दिवशी वर्गात काय होते आणि परीक्षेच्या वेळी काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

कोणत्याही हानीची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते, हे अर्थशास्त्रातील प्राथमिक तत्त्व आहे. कारखान्याने आपला धूर आवरला नाही तर तो आवरण्याचा खर्च नाहीसा होत नाही. तो शेजारच्या वस्तीच्या फुप्फुसांवर पडतो. शिक्षणसंस्थेचेही तसेच आहे. तिने समुपदेशक नेमला नाही, अडल्या वेळी मुलीसोबत रुग्णालयात जाणारे माणूस ठेवले नाही, तक्रार समितीला स्वतंत्रपणे काम करू दिले नाही, की संस्थेचा पैसा वाचतो आणि सगळा खर्च एका विद्यार्थिनीच्या खात्यावर चढतो. ती प्रात्यक्षिकाला जाणे टाळते, विषय बदलते, वर्ष गमावते आणि अखेर सामान बांधून गावी परतते. गावी तिच्या लग्नाची घाई सुरू होते. संस्थेच्या वार्षिक अहवालात मात्र ‘प्राप्त तक्रारी : शून्य’ अशी नोंद होते. हे शून्य सुरक्षिततेचे असू शकते, तसेच भीतीचेही असू शकते. ते कशाचे आहे याची शहानिशा न करता त्याचे अभिनंदन करणे ही आत्मवंचना होय.

अत्याचार सोसलेल्या स्त्रीला आधी आसरा द्यावा आणि प्रश्न मागाहून विचारावेत, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवणुकीला आणि बळजबरीला बळी पडलेल्या विधवेने तेथे यावे, गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, आणि मूल सोबत न्यावे की तेथे ठेवावे हे तिचे तिने ठरवावे, अशी ती व्यवस्था होती. सुरक्षितता, गुप्तता आणि निर्णयाचा अधिकार या तीन गोष्टी त्या गृहाने दीडशे वर्षांपूर्वी दिल्या. आजच्या कोणत्याही साहाय्य केंद्राची पारख याच तीन कसोट्यांवर करावी लागते.

विद्यापीठांनी या प्रश्नावर आवाज उठवल्याचा इतिहासही आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा त्या पत्राचा गाभा होता. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस ठाण्यातील अन्यायाविरुद्ध विद्यापीठाने तोंड उघडले, हे भूषणावह खरेच. पण विद्यापीठाच्या स्वतःच्या फाटकाच्या आत काय चालते, याविषयी बोलायला मात्र आणखी बरीच वर्षे जावी लागली.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणी तक्रार समिती नेमण्याचा दंडक घालून दिला. त्याच्या आधारे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ मध्ये विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचारी यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींची समिती स्थापन झाली. ती २०१७ मध्ये मोडीत काढून तिच्या जागी नव्या कायद्यानुसार अंतर्गत समिती आणली गेली, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी केलेला विरोध निवडणुकीच्या तत्त्वासाठी होता. दरम्यान २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध संसदेने कायदा केला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कृतिदलाने ‘सक्षम’ हा अहवाल सादर केला आणि पुढे आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांसाठी २०१५ चे स्वतंत्र विनियम जारी केले.

हे विनियम कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावेत. त्यांनुसार समितीच्या अध्यक्षस्थानी ज्येष्ठ स्त्री-अध्यापक असावी लागते आणि निम्म्याहून कमी स्त्रिया समितीवर चालत नाहीत. प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरील तीन विद्यार्थी-प्रतिनिधी लोकशाही पद्धतीने निवडून घ्यावे लागतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीवर बसता येत नाही. चौकशी ९० दिवसांत संपवावी लागते. चौकशी चालू असताना तक्रारदार विद्यार्थिनीला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिचे गुण देण्यापासून दूर ठेवता येते. प्रशिक्षित पूर्णवेळ समुपदेशक, स्त्रीरोगतज्ज्ञाची सेवा, पुरेसा उजेड आणि आवारात भरवशाची वाहतूक यांचीही अपेक्षा त्यांत आहे. काही विद्यार्थी-पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अत्याचाराला बळी पडू शकतात, हे त्यांत नमूद आहे.

मग अडते कोठे? कागदावरील समिती आणि प्रत्यक्ष सेवा यांच्यामधील अंतरात अडते. महाराष्ट्रातील किती तरी महाविद्यालये विनाअनुदानित आहेत आणि अनुदानित महाविद्यालयांतही तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांची संख्या मोठी आहे. जिची पुढील वर्षाची नेमणूक संस्थाचालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे, ती अध्यापिका समितीवर बसून संस्थेच्या लाडक्या प्राध्यापकाविरुद्ध निर्भयपणे मत नोंदवील, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. विद्यार्थी-प्रतिनिधींची गोष्टही तीच. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाराष्ट्रात थेट विद्यार्थी-निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्यात त्यांची तरतूद झाली, तरी त्या पुढे वर्षानुवर्षे लांबणीवर पडत राहिल्या. जेथे निवडणूकच होत नाही तेथे ‘निवडून आलेला’ प्रतिनिधी प्राचार्यांच्या दालनात ठरतो. श्रमाची असुरक्षितता आणि लोकशाहीचा अभाव यांचा स्त्रियांच्या सुरक्षिततेशी असा थेट संबंध आहे.

सेवा म्हणजे काय, हे पहिल्या तीन दिवसांच्या हिशेबावरून स्पष्ट होते. गर्भधारणा टाळणारे औषध जितके लवकर घ्यावे तितके उपयोगी पडते. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. शरीरावरील पुराव्याचे नमुने साधारणतः ९६ तासांपर्यंत घेता येतात. प्रत्येक रुग्णालयाने, मग ते सरकारी असो वा खासगी, बलात्कारपीडितेवर तत्काळ आणि विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, असा कायदा २०१३ पासून आहे आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. पोलिसांना कळवणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. पण आधी पोलिसांत तक्रार नोंदवून या, असे सांगून उपचार नाकारता येत नाहीत आणि तिच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. दोन बोटांची तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्यास गैरवर्तनासाठी जबाबदार धरण्यास सांगितले. पोलिसांनी गुन्हा नोंदवून घेण्यास नकार देणे हाही गुन्हा आहे, आणि हद्दीचे कारण पुढे करून त्यांना तक्रार परतवता येत नाही. कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थिनी बहुधा १८ वर्षांखालील असते. तिच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे सर्वांनाच बंधनकारक आहे.

हे सारे अधिकार घाबरलेल्या, जखमी, एकोणीस वर्षांच्या मुलीने रात्री अकरा वाजता स्वतःच आठवून स्वतःच मिळवावेत, अशी आजची व्यवस्था आहे. तिला गरज असते ती सोबत येणाऱ्या एका जाणत्या स्त्रीची. मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू करून सार्वजनिक रुग्णालयातही असे माणूस असू शकते, हे सिद्ध केले. २०१५ पासून केंद्र शासनाच्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सखी’ केंद्रे निघाली. १८१ ही महिला साहाय्य वाहिनी आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. महाविद्यालयाने नवे रुग्णालय बांधावे असे कोणीच म्हणत नाही. एक प्रशिक्षित समुपदेशक, रात्री उचलला जाणारा एक दूरध्वनी, एक वाहन आणि या केंद्रांशी आधीच झालेला लेखी समन्वय एवढी ती मागणी आहे. ज्या संस्था स्नेहसंमेलनाचा मंडप उभारू शकतात, त्यांना हा खर्च न परवडणारा नाही.

चौकशीच्या न्याय्यतेविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका अध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने त्याला दोषी ठरवले, विद्यापीठाने बडतर्फ केले आणि उच्च न्यायालयाने ते कायम केले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. कारण समितीने सुनावण्या घाईने उरकल्या आणि त्याला आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही. प्रकरण फेरचौकशीसाठी परत गेले. म्हणजे तक्रारीनंतर चौदा वर्षांनी त्या स्त्रिया पुन्हा आरंभस्थानी आल्या. आरोपिताला न्याय्य संधी देणे ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नसते. तक्रारदाराला मिळालेला न्याय टिकावा यासाठीही ती आवश्यक असते. त्याच निकालात न्यायालयाने २०१३ च्या कायद्याच्या अंमलबजावणीतील गंभीर त्रुटींवर बोट ठेवले आणि ठिकठिकाणी समित्या नेमल्या आहेत की नाहीत याची पडताळणी करण्याचा आदेश दिला. अप्रशिक्षित समिती दोन्ही पक्षांवर अन्याय करते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आता कुलपाविषयी. मुलींच्या सुरक्षिततेचे कारण सांगून त्यांच्या वसतिगृहाला मुलांच्या वसतिगृहापेक्षा वेगळे, पक्षपाती नियम लावता येणार नाहीत, असे २०१५ च्या विनियमांत स्पष्टपणे म्हटले आहे. तरीही रेक्टरच्या हातातील किल्लीच आज प्रतिबंधाचा मुख्य उपाय मानली जाते, कारण तो उपाय संस्थेला फुकट पडतो. त्याची किंमत मुली मोजतात. मुलगा रात्री दहापर्यंत ग्रंथालयात बसतो. मुलगी सातला वही मिटून निघते. वर्षभरात या रोजच्या तीन तासांचा हिशेब केला तर गुणवत्ता यादीतील फरकाचे एक कारण हाती लागेल. शिवाय अत्याचार करणारा दर वेळी भिंतीबाहेरून येत नाही. तो ओळखीचा असतो, वर्गातला असतो. कधी जर्नलवर सही करणारा, तर कधी प्रबंधाचा मार्गदर्शक असतो. त्याला कुलूप अडवत नाही. उलट, उशीर झाल्याची शिक्षा होईल या भीतीने मुलगी तक्रारच करीत नाही, आणि कुलूप गुन्हेगाराचे संरक्षण करू लागते. खरा प्रतिबंध प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात मुलामुलींशी संमतीविषयी मोकळेपणाने बोलण्यात आहे, गुणदानातील एकाधिकार मोडण्यात आहे, आणि बसथांब्यापर्यंतच्या रस्त्यावर दिवे लावण्यात आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांतील, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु दुसऱ्या वर्षाला ती मुलगी भयापोटी गावी परतली, तर शुल्कमाफीचा पैसाही वाया गेला आणि एका घरातील पहिली अभियंताही गेली. प्रवेश देणे एवढ्यावर समान संधी संपत नाही. शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलीला निर्भयपणे तेथे राहता येणे हा त्या संधीचाच भाग आहे.

कार्यकर्त्यांच्या हाती यात बरेच काही आहे. तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयात जाऊन समितीची नावे फलकावर आहेत का, विद्यार्थी-प्रतिनिधी कसे निवडले, बाहेरची सदस्य कोण, तिला शेवटची बैठक कधी बोलावली, हे विचारता येते. माहितीच्या अधिकारात समुपदेशकाच्या पदावर झालेला खर्च मागता येतो. अधिसभेत आणि अंदाजपत्रकाच्या वेळी विधिमंडळात तो विषय काढता येतो. प्राध्यापक संघटनांना तासिका तत्त्वाच्या प्रश्नाशी हा प्रश्न जोडता येतो. मात्र कोणत्याही मुलीच्या दुःखाचे नाव, गाव, छायाचित्र मोर्चाच्या फलकावर येता कामा नये. तिची ओळख गुप्त ठेवणे हा कायदा आहे, आणि तिला विचारल्याशिवाय तिच्या वतीने पाऊल न उचलणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

अत्याचार कधीच घडणार नाही असे आश्वासन कोणतीही व्यवस्था देऊ शकत नाही. परंतु तो घडल्यावर त्याची किंमत कोणी मोजायची, हे समाजाला ठरवता येते. आज ती सर्वांत दुर्बल व्यक्तीकडून वसूल होत आहे. ती संस्थेच्या आणि शासनाच्या अंदाजपत्रकात उघडपणे मांडली जावी, एवढी साधी, मोजता येण्याजोगी आणि म्हणूनच टाळता न येण्याजोगी ही मागणी आहे.