तीस दिवसांच्या आत



 मी रसायनशास्त्राचा शिक्षक. या संमेलनात निम्मे लोक वकील आहेत आणि निम्मे गावपातळीवरचे कार्यकर्ते. तुमच्या लढाईत आमच्यासारख्यांची जागा कुठे आहे, एवढ्यावरच आज बोलणार आहे.

प्रदूषणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या गावाला खटपटीअंती वकील मिळतो. त्या वकिलाला शास्त्रज्ञ मात्र मिळत नाही, आणि मिळालाच तर मुदत टळून गेल्यावर. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी, असे पर्यावरण आघात मूल्यांकनाची २००६ची अधिसूचना सांगते. प्रकल्पाला मंजुरी मिळाली की राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला पुन्हा ३० दिवस. सबळ कारण दाखवले तर आणखी ६०. त्यानंतर दार बंद. तेवढ्यात प्रकल्पाचा शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल वाचायचा असतो. वारा कुठून कुठे वाहतो हे गावाला अहवाल लिहिणाऱ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. पण परिशिष्टातला वाऱ्याचा तक्ता कुठल्या महिन्यांतल्या नोंदींवरून काढला, पावसाळा त्यात धरला की वगळला, हे विचारायला त्या विद्येचा माणूस लागतो.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. बॉक्साइट खाणीसाठी सादर झालेल्या पर्यावरण आघात अहवालात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्च या झाडांच्या जंगलांचे वर्णन होते. थंड प्रदेशातली ही झाडे. आपल्याकडे ऐन, किंजळ आणि आंबा. रशियातल्या एका बॉक्साइट प्रकल्पाच्या अहवालातला मजकूर उचललेला होता. अहवाल शेवटच्या पानापर्यंत कोणी वाचला म्हणून हे उघडकीस आले. ज्या कागदावर एका डोंगराचे भवितव्य ठरणार, तो कागद मंजुरीच्या टेबलापर्यंत अशा अवस्थेत जाऊ शकतो, याचा मला आजही संताप येतो.

असे वाचन हेच ज्यांचे रोजचे काम आहे, अशी एक संस्था अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, युजीन या गावी आहे. एन्व्हायर्न्मेंटल लॉ अलायन्स वर्ल्डवाइड तिचे नाव. ‘ईलॉ’ म्हणून ओळखतात. १९८९मध्ये दहा देशांतल्या वकिलांनी ती उभी केली. ती परक्या देशात जाऊन स्वतः खटले लढवत नाही. खटला तिथल्याच वकिलाचा. ईलॉचे शास्त्रज्ञ अहवाल तपासतात, आकडेमोड पडताळतात, लेखी मत देतात. त्यांच्या मागे दुसऱ्या देशांतले निकाल शोधणारी, कागद जुळवून वेळेत धाडणारी कर्मचारी मंडळी असते. त्यांची नावे निकालपत्रात कधी येत नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेख मी मुद्दाम करतो. खाण प्रकल्पांचे अहवाल कसे तपासावेत, याचे मार्गदर्शक पुस्तकही या संस्थेने २०१०मध्ये काढले.

अहवाल वेळेत लोकांच्या हाती पडणे किती महत्त्वाचे, यासाठी केनियातल्या लामूचे उदाहरण घ्या. लामूचे जुने शहर २००१पासून जागतिक वारसा स्थळ. त्याच्या परिसरात १,०५० मेगावॉटचे कोळशावरचे वीज केंद्र येणार होते. मच्छीमार आणि रहिवासी पर्यावरण न्यायाधिकरणात गेले. जून २०१९मध्ये न्यायाधिकरणाने परवाना रद्द केला. मुख्य कारण लोकसहभागाचे: सभा झाल्या होत्या, पण अभ्यास हाती येण्याआधी. दुष्परिणाम काय होणार हे लोकांपुढे ठेवलेच नाही, तर त्यांचे मत घेतले असे म्हणायचे कसे? आपल्याकडच्या जनसुनावण्यांनाही हा प्रश्न विचारला पाहिजे.

आता थोडे माझ्या कामाचे. खाडीत मासे मरून वर आले की तरुण मुले मिळेल त्या बाटलीत पाणी भरतात आणि दोन दिवसांनी प्रयोगशाळेत आणतात. त्यांची तळमळ खरी असते, पण ते पाणी पुरावा म्हणून टिकत नाही. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरावी लागते आणि मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड काठावरच घालावे लागते. त्यानंतर तळाशी तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे; पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. जड धातूंसाठी वेगळी बाटली, तिच्यात नायट्रिक आम्ल. बाकीचे नमुने बर्फाच्या पेटीत. प्रत्येक बाटलीवर जागा, वेळ, भरती की ओहोटी, नमुना घेणाऱ्याची सही. आणि बाटली कोणाच्या हातून कोणाकडे गेली, याची सलग नोंद. यातले एक कलम चुकले तरी समोरचा वकील अख्खा अहवाल निकालात काढतो.

पर्यावरणाच्या वादात न्यायालयांना वैज्ञानिक जाणकारीची गरज आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९च्या नायडू खटल्यात सांगितले. २०१०च्या कायद्याने हरित न्यायाधिकरणात तज्ज्ञ सदस्यही आले. पण न्यायासनावरचा तज्ज्ञ समोर आलेल्या पुराव्यावरच निर्णय देणार. तो पुरावा उभा करणारे हात गावाच्या बाजूला हवेत.

महाविद्यालयांतल्या माझ्या सहकाऱ्यांची भीती मला ठाऊक आहे. मत दिले तर सल्ल्याची कामे जातील, वरिष्ठ नाराज होतील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच एकेकट्याने नव्हे, चार-पाच जणांनी मिळून सही करावी, आणि निष्कर्ष गावाच्या विरोधात गेला तरी तोच लिहावा. आपली किंमत तेवढ्यावरच टिकेल.

या संमेलनाने एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे: प्रत्येक जिल्ह्यात रसायन, भूजल, वनस्पती आणि आरोग्य या विषयांचा किमान एकेक जाणकार, आणि जनसुनावणीची सूचना निघाल्यापासून आठवड्याच्या आत मराठीत लेखी टिपण. नावनोंदणीची वही दाराशी ठेवली आहे. जेवणानंतर मागच्या अंगणात नमुना घेण्याचे प्रात्यक्षिक आहे. वकील मंडळींनी त्याला अवश्य यावे, कारण उलटतपासणीत हेच प्रश्न येतात.