ठरावाचे एक वाक्य
(दिल्लीतील मराठी भाषिक रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



दहशतवादविरोधी कायदे आणि अटकेतील माणसाचे हक्क यांवर अधिवेशनात मांडायच्या ठरावाचा मसुदा करण्याचे काम आपण आमच्याकडे सोपवले होते. ठराव लांबला तरी चालेल, पण पहिले वाक्य पक्के हवे. बाकीचा ठराव त्यावर उभा राहतो, आणि विरोधक तेवढेच वाचतात. त्या एका वाक्यावर आमचे तीन रविवार गेले. आम्ही कोणी वकील नाही, बहुतेक मॅट्रिकच. तेव्हा वाक्य कसकसे बदलले, तेच सांगतो.

पहिला मसुदा तरुण साथींचा होता: ‘दहशतवादविरोधी सर्व काळे कायदे रद्द करा.’ घोषणा म्हणून झकास. रेल्वे कामगाराला ती पटवून द्यावी लागत नाही. 1974 चा संप 8 मेला सुरू व्हायचा होता. जॉर्ज फर्नांडिस यांना 2 मेलाच लखनौला अटक झाली, आणि मिसा व भारत संरक्षण नियमांखाली हजारो कामगार तुरुंगात गेले. मिसा 1971 साली आणला तो देशाच्या सुरक्षेच्या नावाने. आमच्या आधीच्या पिढीतल्या फायरमन-पॉइंट्समननी कोणता बॉम्ब ठेवला होता?

पण एका गार्ड साथीने विचारले, ‘‘आणि ज्यांच्या डब्यात बॉम्ब फुटला त्यांचे काय?’’ सगळे गप्प झाले. 29 ऑक्टोबर 2005 ला दिवाळीच्या तोंडावर स्फोट झाला ते पहाडगंज आपल्या नवी दिल्ली स्टेशनासमोरच आहे. 11 जुलै 2006 ला मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. कामावरून घरी निघालेली 180 हून अधिक माणसे गेली. त्यांच्या घरच्यांपुढे ती घोषणा घेऊन आम्हाला उभे राहता येईना.

म्हणून दुसरा मसुदा: ‘देशाची सुरक्षा व मानवी हक्क यांत समतोल साधावा.’ हा आम्ही अर्ध्या तासात खोडला. ज्या वाक्याला कोणीच विरोध करणार नाही, ते लिहायचे कशाला? असा ठराव रेल्वे बोर्डसुद्धा टाळ्या वाजवून मंजूर करील.

मग कायदे एकेक करून वाचायला घेतले, आणि आमचीच चूक सापडली. आम्ही सगळ्यांना एकाच माळेत ओवत होतो. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा मानण्याची तरतूद टाडात होती, 2002 च्या पोटात होती, आणि महाराष्ट्राच्या 1999 च्या मकोकात आहे. हाच मकोका 2002 पासून दिल्लीलाही लागू आहे. टाडा 1995 साली संपला, पोटा 2004 साली रद्द झाला. यूएपीएमध्ये ही कबुलीची तरतूद नाही. तिथले दुखणे जामिनाचे. 2008 च्या दुरुस्तीने आरोपपत्राविना 180 दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येते, आणि पोलिसांच्या कागदांवरून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर कोर्टाने जामीन द्यायचा नाही. खटला दहा वर्षे चालला की ती दहा वर्षे शिक्षाच झाली, निकाल काहीही लागो.

आता निकाल बघा. दिल्लीच्या त्या स्फोटांच्या खटल्यात 2017 साली कोर्टाने तिघांपैकी एकालाही स्फोटांबद्दल दोषी धरले नाही. मुंबईच्या खटल्यात मकोका कोर्टाने 2015 साली बारा जणांना शिक्षा दिली, त्यांपैकी पाच जणांना फाशीची. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब छळ करून घेतलेले आणि विश्वास ठेवण्याजोगे नाहीत, असे म्हटले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास मनाई केली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. एक जण तर निकालाआधी 2021 मध्येच तुरुंगात वारला होता. एकोणीस वर्षांनी मृतांच्या घरच्यांच्या हाती काय आले? गार्ड साथीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इथे मिळाले. मारून घेतलेली कबुली आरोपीचा घात करते आणि फिर्यादीचाही.

आपल्याला हे नवे नाही. एसएफ-5 हातात पडल्याशिवाय, कागद बघितल्याशिवाय, डिफेन्स हेल्परशिवाय आपण चौकशीला बसत नाही. नियम 14(ii) खाली चौकशीविना बडतर्फी झाली की युनियन रस्त्यावर येते. आणि अट्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिलेला रेल्वे कर्मचारी आपोआप निलंबित धरला जातो, निर्वाह भत्त्यावर घर चालते. जामिनाचा प्रश्न त्याच्या चुलीपर्यंत येतो तो असा.

अटकेची कारणे लेखी दिलीच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये प्रबीर पुरकायस्थ यांच्या यूएपीए प्रकरणात सांगितले. म्हणजे तेवढे तरी आपण नवीन मागत नाही.

तर आजचे वाक्य असे: ‘दहशतीचा गुन्हा करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, म्हणूनच अटकेची कारणे लेखी द्यावीत, पोलिसांपुढील कबुली कोणत्याही कायद्यात पुरावा मानू नये, आणि... वर्षांत खटला संपला नाही तर आरोपीला जामीन मिळावा.’

मधली जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. दोन लिहायचे की तीन, यावर आमचे एकमत झाले नाही. ‘म्हणूनच’ हा शब्दही काहींना खटकतो. आम्ही तो सोडणार नाही. उपसूचना लेखी द्या, पुढच्या रविवारच्या आत.