केक थांबत नाही, गोधडी थांबते



आताच उपप्राचार्य मॅडमनी माझी ओळख करून दिली. ही आपली माजी विद्यार्थिनी घरून केकच्या ऑर्डरी घेते, गोधड्या शिवते, नियमित व्यायाम करते, आणि घरात दीड वर्षाची मुलगी आहे. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, आभारी आहे. पण टाळ्या झाल्या की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "वेळ कुठून काढतेस गं?"

लहान मूल असलेल्या घरात वेळ मिळतो, पण तुकड्यातुकड्यांनी. दहा मिनिटं आता, वीस मिनिटं मग, आणि त्यातही मध्येच हाक. त्यामुळे कुठलंही काम हातात घेताना मी आधी एवढंच बघते, की हे मध्येच सोडता येतं का?

केक सोडता येत नाही. केमिस्ट्रीवाल्यांना हे लगेच कळेल. बिनअंड्याच्या केकला मी दही आणि खायचा सोडा वापरते. दह्यातलं आम्ल सोड्याला लागलं की कार्बन डायऑक्साइड तयार व्हायला लागतो. त्या बुडबुड्यांच्या जिवावर केक फुगायचा असतो, आणि बुडबुडे कुणासाठी थांबत नाहीत. मिश्रण कालवून तुम्ही बाळाचा लंगोट बदलायला गेलात की तेवढ्यात बराच वायू निघून जातो आणि केक दडस होतो. बेकिंग पावडर जरा सोशिक असते. तिच्यात कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, आणि बाजारातल्या बऱ्याच पावडरींचा काही वायू ओव्हनची ऊब लागल्यावरच सुटतो. तरीही मी धोका पत्करत नाही. मैदा, कोको, सोडा रात्रीच वजन करून, चाळून डब्यात भरून ठेवते. दही-तेल त्यात पडतं ते सकाळी, नवरा मुलीला घेऊन वीस मिनिटं गच्चीवर गेल्यानंतर.

हो, वजन करूनच. कमलाबाई ओगले यांचं 1970 सालचं 'रुचिरा' आमच्याही स्वयंपाकघरात आहे, आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांनी कितीतरी नव्या सुनांची लाज राखली. पण मैदा वाटीत दाबून भरला की भुरभुरून, यावर त्याचं वजन बदलतं. आमटीला ते चालून जातं, केकला नाही.

एकदा 180 अंशांवर भांडं आत गेलं की पुढची पस्तीस-चाळीस मिनिटं माझी. दार उघडून डोकवायचं नाही, कारण मधला भाग धरायच्या आत उष्णता कमी झाली तर केक खचतो. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी हिरमुसू नका. कुकरच्या तळाशी मीठ पसरा, शिट्टी आणि झाकणाचं रबर काढा, मंद आचेवर ठेवा. माझे पहिले केक असेच झाले, आणि लोकांनी ते विकतही घेतले.

त्या पस्तीस मिनिटांत मी गोधडी घेऊन बसते. गोधडीचा स्वभाव केकच्या अगदी उलटा. धावदोरा कुठेही सोडा, सुई उंचावर ठेवा, हाकेला ओ द्या. परत याल तेव्हा टाका जागेवर असतो. घरातलं दुसरं कुठलं काम असं वागतं, सांगा बरं. घासलेली भांडी संध्याकाळी पुन्हा मोरीत येतात, धुतलेली झबली दुपारपर्यंत पुन्हा बादलीत. दिवसभर राबून रात्री दाखवण्यासारखं काही हाती नसतं. टाका मात्र काल घातलेला आजही तिथेच असतो, आणि पहिल्या वर्षात मला त्याचा फार आधार वाटला.

मुलीच्या वेळी आईने बाळंतविडा केला होता. दुपटी, टोपडी, कुंची, सगळं घरचं. तिची दुपटी पणजीच्या जुन्या सुती लुगड्यांची होती. सुती कापड धुऊन धुऊन मऊ पडतं, म्हणून बाळाच्या अंगाला नव्यापेक्षा जुनंच बरं. आमच्या घरी गोधडी कडेने सुरू करतात आणि चौकोनाच्या फेऱ्या घेत आत आत येतात. त्यामुळे कितीही दिवसांनी उलगडली तरी कुठवर आलो ते दिसतं, खुणेची गरज नाही. माझा आपला अंदाज आहे, की ही रीत मांडीवर मूल असलेल्या बायकांनीच बसवली असणार. निवांत बसलेल्या माणसाला हे सुचायचं नाही.

राहिला व्यायाम. तो केव्हाही सोडता येतो, आणि हीच त्याची पंचाईत. केक राहिला तर गिऱ्हाइकाचा फोन येतो. व्यायाम राहिला तर कुणाचाही फोन येत नाही. बाळंतपणानंतर डिंकाचे, अळिवाचे लाडू भरवणारे खूप भेटतात, पण पोटाचे स्नायू मधोमध विलग झालेत का ते तपासून घे, असं सांगणारं क्वचित कुणी असतं. मी डॉक्टरांना विचारून आधी नुसतं चालणं आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम केला. सूर्यनमस्कार त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी.

सूर्यनमस्कार तर आपल्या सातारा जिल्ह्याच्या घरचेच. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते संस्थानातल्या शाळांमध्ये रुजवले. 1938 साली त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं आणि त्याचं संपादन लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी केलं. मला नमस्कार आवडतात ते मात्र वेगळ्या कारणाने. दोन घातले, मुलगी पाठीवर चढली, थांबले, पुन्हा तीन घातले. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, बाळंतिणींनाही. आधी प्रौढांसाठी सलग दहा मिनिटांची अट होती. 2020 च्या सूचनांत ती काढून टाकली. त्या समितीत कुणीतरी आई असावी, असं मी मनाशी धरून चालते.

आता मागच्या रांगेतल्या मुलांनी मोबाइल जरा खिशात ठेवा. केंद्र सरकारने 2019 साली लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या बायकांपैकी सुमारे 81 टक्के पाहणीच्या दिवशी घरकामात होत्या, पुरुषांपैकी सुमारे 26 टक्के. जे हात लावत होते त्यांचाही हिशेब बघा: बायका सरासरी 299 मिनिटं, पुरुष 97. माझ्या वेळेचे तुकडे कशाने होतात आणि गच्चीवरची ती वीस मिनिटं मला इतकी मोलाची का, ते या आकड्यांत आहे. गल्लीत मात्र नवऱ्याचं कौतुक होतं, "किती मदत करतो हो तिला!" मुलगी त्याचीही आहे की. माझ्याबद्दल असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

आमच्याकडे मी अंघोळीला गेले की मुलगी दाराशी बसून भोकाड पसरायची, आणि तो दाढी करत असला की शांत खेळायची. गच्चीवरच्या फेऱ्या सुरू झाल्या तशी ती त्याच्याही दाराशी रडायला लागली. मला त्याचं मनापासून समाधान आहे.

प्राचार्य सर घड्याळाकडे बघताहेत, आणि अजून बक्षीस समारंभ व्हायचाय. कार्यक्रम संपला की स्टाफरूमबाहेरच्या टेबलावर दोन ट्रे केक ठेवलाय. दोन्ही बिनअंड्याचे, दोन्हींत मैदा आणि दही आहे. उजवीकडच्यात अक्रोड आहेत, ज्यांना सोसत नाहीत त्यांनी डावीकडचा घ्या. एकांकिकेवाल्यांनी आधी मिशा काढाव्यात.